पंधरा कप आणि एक कप

जेवायला हाक आली म्हणून एक मुलगा खोलीचं दार ढकलतो. दारामागे खुर्ची, खुर्चीवर ट्रे, ट्रेमध्ये १५ कप. त्या बिचाऱ्याला काय माहीत! सगळे खळ्ळकन फुटतात.

दुसरा मुलगा. आई घरात नाही हे बघून कपाटातला जॅम चोरायला चढतो. हात लागून एकच कप फुटतो.

जास्त वाईट कोण वागलं?

स्वित्झर्लंडचे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे मुलांना हेच विचारत होते. १९३२ साली त्यांचं हे काम प्रसिद्ध झालं. सहा-सात वर्षांची बरीच मुलं म्हणत, पहिला. १५ फोडले ना त्यानं! नऊ-दहाच्या सुमारास उत्तर फिरतं : "पण त्यानं मुद्दाम नाही केलं."

गोष्ट सोपी करून सांगितली, तर याहून लहान मुलांनाही हेतू कळतो, हे नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. पियाजेंनी लहानग्यांना जरा कमीच लेखलं म्हणायचं.

'मुद्दाम' म्हणायचं तर दुसऱ्याच्या मनात डोकवावं लागतं. आणि एकदा डोकावता आलं, की तिथं आपणही दिसायला लागतो.

सहा वर्षांच्या मुलीला विचारा, तू कशी आहेस? "मी खूप जोरात पळते. माझी सायकल लाल आहे." अकराव्या वर्षी तीच म्हणते, "पळते बरी, पण वर्गातल्या इतरांइतकी नाही. मैत्रिणींत बडबडी आहे, पण नवीन माणसांसमोर तोंडच उघडत नाही."

हे 'पण' नवीन आहेत.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ सुसान हार्टर यांनी आठ वर्षांपासून पुढच्या मुलांना अभ्यास, खेळ, मैत्री, दिसणं, वागणूक असं वेगवेगळं विचारलं. मुलंही प्रत्येक बाबतीत स्वतःला वेगळं जोखतात. पण 'मी एकूण बरा आहे का' याचं उत्तर सगळ्यात जास्त जुळतं ते दिसण्याशी. मार्कांशी नव्हे.

मग नाकावर एक पुटकुळी येते, आणि अख्खी शाळा तिच्याकडेच बघतेय असं वाटतं. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये याला नाव दिलं : काल्पनिक प्रेक्षक. घरचे म्हणतात, शिंगं फुटली. खरं तर पोर धास्तावलेलं असतं.

मधली सुट्टी. एकाची टिंगल चाललीय. बाजूला उभा एक मुलगा, बारा वर्षांचा. त्या पोरानं काही मुद्दाम केलेलं नाही, हे याला पक्कं माहीत आहे. सगळे याच्याकडे बघतात.

हा हसतो. मग खाली वाकून बुटाची नाडी सोडतो, आणि पुन्हा बांधतो.