डिस्कवर्ल्डमध्ये शिरावं कुठून?

(फोंड्यातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात बारावीतली एक मुलगी इथल्याच टेबलापाशी येऊन उभी राहिली. हातात टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचं ‘द कलर ऑफ मॅजिक’, आणि चाळिसाव्या पानाच्या आसपास खुणेला खोचलेलं कदंब बसचं तिकीट. म्हणाली, “सर, हें फुडें वचना. सोडूं?” म्हणजे, हे पुढे जात नाही, सोडू का? तिला कुणीतरी सांगितलं होतं, की मालिका आहे, तेव्हा पहिल्यापासूनच वाचायची. सांगणाऱ्याचा हेतू चांगला होता. पण या सल्ल्यापायी कितीतरी वाचक डिस्कवर्ल्डच्या उंबरठ्यावरूनच माघारी गेलेले मी पाहिले आहेत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून आज हा विषय घेतला.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. डिस्कवर्ल्ड म्हणजे ताटासारखं चपटं जग. ते चार हत्तींच्या पाठीवर टेकलेलं आहे आणि ते हत्ती अवकाशातून पोहत जाणाऱ्या एका अवाढव्य कासवावर उभे आहेत. कूर्म आणि दिग्गज लहानपणीच ऐकलेल्या आपल्या माणसांना हे चित्र परकं वाटायचं कारण नाही. १९८३ ते २०१५ या काळात या जगावर ४१ कादंबऱ्या आल्या. आकडा ऐकून छाती दडपते, पण ती एकच एक लांबलेली गोष्ट नाही. एकच कथानक पुढे पुढे सरकतं अशा मालिकेत पहिला भाग चुकवणं म्हणजे पाया न घालता भिंत बांधणं. इथे तसं नाही. हे एखाद्या गावासारखं आहे. एका वाड्यावर चेटकिणी राहतात, दुसरीकडे शहराचे पहारेकरी, तिसरीकडे जादूगारांचं विद्यापीठ, आणि मृत्यू स्वतः सगळीकडे येऊन-जाऊन असतो. गावात शिरायला वाटा अनेक.

मग पहिलंच पुस्तक का नको? तर ‘द कलर ऑफ मॅजिक’ आणि त्याला जोडून आलेलं १९८६ चं ‘द लाइट फॅन्टॅस्टिक’ ही दोन पुस्तकं त्या काळच्या इंग्रजी अद्भुत कादंबऱ्यांची थट्टा करायला लिहिलेली आहेत. तलवारबहाद्दर, ड्रॅगन, शापित मंत्र, सगळ्यांची. आता ज्याने मूळ कादंबऱ्या वाचलेल्याच नाहीत, त्याला थट्टा कशाची चालली आहे हे कळणार कसं? शिवाय लेखकाचा खरा सूर अजून लागायचा होता. माणसांकडे बघण्याची ती कळकळ, तो राग आणि ती माया पुढे येते. १९८७ च्या ‘मॉर्ट’मध्ये मृत्यू एका खेडवळ पोराला उमेदवारीला ठेवतो, तिथे मला तो सूर पहिल्यांदा स्वच्छ ऐकू येतो.

पेडण्याकडचा दशावतार तुम्ही पाहिलेला आहे. आधी आड दशावतार होतो. गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, संकासूर येऊन पोरांना घाबरवतो. मग रात्र चढली की आख्यान उभं राहतं. घरची कामं आटपून थेट आख्यानाला येऊन बसणाऱ्याला कुणी म्हणत नाही, की तुझा दशावतार हुकला. आणि एकदा गोडी लागली की तोच माणूस पुढच्या वर्षी संकासुरासाठी लवकर येऊन पुढची जागा धरतो. पहिली दोन पुस्तकं तशी वाचावीत, मागाहून, गोडी लागल्यावर.

तर मग आख्यान कुठलं? इंग्लंडमधल्या वाचकाला मी कदाचित ‘मॉर्ट’ सांगितलं असतं. पण गोव्यातल्या, त्यातही अंत्रुज महालातल्या, म्हणजे आपल्या या फोंड्याच्या मुलखातल्या वाचकाला मी एकच नाव सांगतो: ‘स्मॉल गॉड्स’, १९९२, मालिकेतलं तेरावं. ते स्वतंत्र आहे, आधीचं काहीही वाचलेलं लागत नाही. पण मी ते सांगतो ते त्यासाठी नव्हे.

त्यात ओम नावाचा देव आहे. एका प्रचंड धर्मसत्तेचा मुख्य देव. तो बऱ्याच काळानंतर पृथ्वीवर प्रकट व्हायला जातो आणि बघतो तर आपण एक कासव झालो आहोत. लहानसं आणि एका डोळ्याने अधू. कारण या जगात देवाची ताकद भक्तांच्या श्रद्धेवर ठरते. ओमची देवळं मोठी आहेत, पुजारी हजारो आहेत, पण लोक आता देवाला मानत नाहीत, देवाच्या नावाने चालणाऱ्या यंत्रणेला घाबरतात. भीती तेवढी उरली, श्रद्धा गेली. अख्ख्या साम्राज्यात मनापासून मानणारा एकच उरला आहे, ब्रुथा नावाचा एक अडाणी शिकाऊ सेवक. त्या कासवाचा आवाज त्याला एकट्याला ऐकू येतो. आणि मग हा पोरगा आपल्या देवाला उचलून घेऊन निघतो.

इथे मी पहिल्यांदा वाचताना थांबलो. प्रॅचेट यांच्या डोळ्यांपुढे गोवा नव्हता, हे उघड आहे. पण आपण जिथे बसलो आहोत तिथून जवळच मंगेशी आहे. १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीहून जुवारी ओलांडून भक्तांनी तो देव प्रियोळला आणला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आली. पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, डोंगरांच्या कुशीत. ज्या मुलखात देव माणसांच्या खांद्यावरून गावं बदलत आले, तिथल्या वाचकाला ब्रुथाच्या हातातलं ते कासव केवळ गमतीचं कसं वाटेल? पुस्तकातल्या त्या यंत्रणेचं नाव आहे ‘क्विझिशन’. आपल्याकडे इन्क्विझिशन, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायासन, १५६० मध्ये आलं आणि कायमचं उठलं ते १८१२ मध्ये. कादंबरी कुठल्याही एका धर्मावर रोख धरून लिहिलेली नाही. देव आणि देवाच्या नावाने चालणारी सत्ता यांत अंतर किती पडू शकतं, एवढंच ती विचारते, आणि ते विचारताना श्रद्धेला कुठेही हिणवत नाही. ब्रुथा हे मी वाचलेल्या सर्वांत सच्च्या भक्तांपैकी एक पात्र आहे.

आणखी एक जागा. ब्रुथाला लिहिता-वाचता येत नाही, पण एकदा पाहिलेलं तो विसरत नाही. एका ग्रंथालयावर संकट येतं तेव्हा एकेक गुंडाळी त्याच्या डोळ्यांपुढे उलगडून धरतात आणि अर्थ न कळता तो सगळं डोक्यात साठवतो. मला त्या पानांवर सोळाव्या शतकातला आपला गोव्याचा लेखक कृष्णदास शामा आठवला. त्याच्या कथा पोर्तुगालमधल्या ब्रागा शहराच्या ग्रंथालयात रोमन लिपीत उतरवलेल्या सापडल्या. कोण कुणाचं कशात जपून ठेवतो, सांगता येत नाही.

वाचताना एक ध्यानात ठेवा. या पुस्तकाला प्रकरणं नाहीत, त्यामुळे “हे प्रकरण संपलं की निजतो” असं म्हणता येणार नाही. ओळी सुटलेल्या दिसतील तिथे थांबा. तळटिपा मात्र सोडू नका, निम्मी मौज तिथे आहे. आणि मृत्यू बोलायला लागला की त्याची वाक्यं सबंध कॅपिटल अक्षरांत छापलेली असतात, अवतरणचिन्हांशिवाय. आपल्या देवनागरीत लहान-मोठं अक्षर नाहीच. आमच्या वाचनगटात मी ती वाक्यं मोठ्याने वाचतो तेव्हा आवाज चढवत नाही, खाली नेतो, तंबोऱ्याच्या खर्जासारखा. तुम्हीही तसं वाचून बघा.

बाकीच्या वाटा थोडक्यात. नाटकवेड्यांनी ‘विअर्ड सिस्टर्स’ घ्यावं. खून झालेला राजा, तीन चेटकिणी आणि गावोगाव फिरणारी नाटकमंडळी. पहारेकऱ्यांची वाट ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून धरावी, आणि इथे क्रम पाळायलाच हवा. २००२ चं ‘नाइट वॉच’ माझ्या मते या मालिकेचं शिखर आहे, पण पहारेकऱ्यांचा प्रमुख व्हाइम्स हा माणूस आधीच्या पुस्तकांतून ओळखीचा झाल्याशिवाय ते पोचत नाही. घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल तर ‘द वी फ्री मेन’. त्यातली टिफनी नऊ वर्षांची आहे आणि पळवून नेलेल्या भावाला सोडवायला हातात तवा घेऊन निघते.

त्याच टिफनीचं ‘द शेफर्ड्स क्राउन’ हे मालिकेतलं शेवटचं. २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला अल्झायमर्स झाल्याचं जाहीर केलं, आणि तरीही ते लिहीत राहिले. मार्च २०१५ मध्ये ते गेले आणि त्यानंतर हे पुस्तक आलं. सुरुवात कुठूनही करा, पण हे एक अगदी शेवटाला ठेवा. त्यात एक जुनी, ओळखीची बाई आपलं मरण जवळ आलेलं ओळखते आणि त्या दिवशी अख्खं घर झाडून-पुसून लख्ख करून ठेवते. ती बाई कोण हे ज्याला आधीपासून ठाऊक आहे, त्यालाच ती झाडलोट वाचताना गलबलून येईल.

त्या मुलीने ‘स्मॉल गॉड्स’ नेलं आहे. अजून परत आलेलं नाही. दुसरी प्रत त्या खिडकीजवळच्या कपाटात आहे.