अर्जावरचा एक चौकोन

श्रोतेहो, नमस्कार.

नोकरीचा अर्ज भरताना नाव, शिक्षण, अनुभव इथवर पेन भराभर चालतं. मग एक लहानसा चौकोन येतो. 'तुम्हाला कधी शिक्षा झाली आहे का?' बहुतेकांना तो दिसतही नाही. शिक्षा भोगून आलेल्याचं पेन मात्र तिथेच अडतं. खरं लिहावं तर बोलावणं येत नाही. लपवावं तर पुढे उघडकीला येऊन नोकरी जाते.

अमेरिकेत डेव्हा पेजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी मिलवॉकी शहरात एक प्रयोग केला. २००३ साली तो प्रसिद्ध झाला. सारख्याच पात्रतेचे तरुण नोकऱ्या मागायला पाठवले. फरक एवढाच, की काहींच्या अर्जात तुरुंगवासाची नोंद होती. नोंद नसलेल्या गोऱ्या तरुणांना १०० पैकी ३४ ठिकाणांहून बोलावणं आलं, नोंद असलेल्यांना १७. कृष्णवर्णीयांचे आकडे १४ आणि ५. म्हणजे निष्कलंक कृष्णवर्णीय हा शिक्षा झालेल्या गोऱ्याच्याही मागेच! हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा पुन्हा एकदा तपासून पाहतो.

मग तो चौकोनच काढून टाका, अशी चळवळ झाली. अमेरिकेतल्याच हवाई राज्याने १९९८ मध्येच तसा कायदा केला होता. पण पुढच्या एका अभ्यासात दिसलं, की चौकोन गेल्यावर काही मालक नावावरून, वर्णावरून अंदाज बांधू लागले. एवढ्याने भागत नाही, ते असं.

आता नव्या उद्योगांकडे या. कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात २०१४ पासून कैदी प्रोग्रॅमिंग शिकतात, तेही इंटरनेटशिवाय! कौशल्य हाती येतं. पण बाहेर अर्जांची पहिली चाळणी अनेकदा संगणकच लावतो, आणि त्याला 'हो' किंवा 'नाही' एवढंच कळतं.

न्यूयॉर्कमध्ये २०२१ साली गांजाची विक्री कायदेशीर झाली. त्याच गांजापायी शिक्षा झालेल्यांना किंवा त्यांच्या जवळच्या नातलगांना दुकानांचे सुरुवातीचे परवाने द्यायचे ठरलं. उत्तम. पण अट काय होती? नफ्यात चाललेल्या धंद्यात किमान दोन वर्षं मालकी असल्याचा पुरावा! तुरुंगातून सुटलेल्या किती जणांकडे तो असेल?

नोंदीकडे पाहूच नका, असं मी म्हणत नाही. मालकाने तीन गोष्टी पाहाव्यात: गुन्हा कोणता, किती जुना आणि काम कोणतं. अफरातफर केलेल्याच्या हाती लगेच तिजोरी देऊ नये, हे कुणालाही पटेल. पण छपरावर सौर पॅनेल बसवणाऱ्याने दहा वर्षांपूर्वी मारामारी केली होती, याचा पॅनेलशी काय संबंध?

तुमच्यापैकी कुणी नवी कंपनी काढली असेल, तर आपलाच अर्ज एकदा काढून बघा. तो प्रश्न पहिल्याच पानावर असेल, तर निवड पक्की झाल्यानंतरच्या पानावर न्या. आणि उत्तराखाली दोन ओळी मोकळ्या सोडा, काय घडलं ते अर्जदाराला स्वतः लिहिता यावं म्हणून.

नमस्कार.