मिक द मिलर : धावपट्टीवरून रुपेरी पडद्यावर

जुलै १९२६. मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानात विजेवर पळणाऱ्या खोट्या सशामागे ग्रेहाउंड, म्हणजे शर्यतीचे सडपातळ कुत्रे, सुटले. पहिल्या रात्री जेमतेम १,७०० माणसं आली. पण घोड्यांच्या शर्यती भरदुपारी, त्याही गावाबाहेर. ही शर्यत संध्याकाळी, कारखाना सुटल्यावर, दिव्यांच्या उजेडात. कामगारांनी ती बघता बघता आपलीशी केली.

त्याच्या महिनाभर आधी आयर्लंडमधल्या किली गावात, एका पाद्र्याच्या घरी एक पिल्लू जन्मलं होतं. मिक द मिलर. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या आजाराने त्याला मरणाच्या दारात नेलं. तिथून तो परतला. १९२९ मध्ये लंडनच्या व्हाइट सिटी मैदानात डर्बीसाठी, म्हणजे ग्रेहाउंडच्या सर्वांत मानाच्या शर्यतीसाठी उतरला. ५२५ यार्ड, २९.८२ सेकंद! हे अंतर तीस सेकंदांच्या आत कापणारा पहिला ग्रेहाउंड. लगेच ८०० गिनींना (गिनी हे जुनं इंग्रजी चलन) त्याचा सौदा झाला.

आता त्याचं पळणं नीट बघा. पिंजऱ्याचं दार उघडताच बाकीचे सशावर झेपावतात आणि वळणावर एकमेकांवर आदळतात. मिक घाई करत नाही. पुढचे बाहेरच्या बाजूला फेकले गेले, की आतल्या कठड्यालगत फट पडते. तो तिच्यातून निसटतो. लोक भाळले ते त्याच्या पायांपेक्षा डोक्यावर, असं मला ठामपणे वाटतं.

१९२९ ची डर्बी त्याची. १९३० चीही त्याचीच. सलग १९ शर्यती जिंकल्या.

१९३१. पुन्हा डर्बीची अंतिम फेरी, पुन्हा मिक सर्वांत पुढे. मैदान जल्लोषात बुडालं, आणि तेवढ्यात भोंगा वाजला. पळताना दुसऱ्या एका कुत्र्याने झोंबाझोंबी केली होती, म्हणून शर्यत रद्द! त्याच रात्री सगळ्यांना पुन्हा पळवलं. पाच वर्षांचा, दमलेला मिक चौथा आला. नियम नियमाच्या जागी; पण ज्याची काहीच चूक नव्हती त्याच्यावर हा अन्याय होता. पुढे त्याच वर्षी लंडनच्या वेम्बली मैदानात सेंट लेजर ही दुसरी मानाची शर्यत जिंकून तो निवृत्त झाला.

मग सिनेमा. १९३४ च्या ‘वाइल्ड बॉय’मध्ये नायक ग्रेहाउंड तोच, सोबत फ्लॅनगन आणि ॲलन ही त्या काळची गाजलेली विनोदी जोडी. गोष्टही डर्बीचीच. पडद्यावर मात्र भोंगा वाजवायला कुणी नव्हतं!

१९३९ मध्ये मिक गेला. त्याचा पेंढा भरलेला देह लंडनजवळ ट्रिंगच्या संग्रहालयात आहे. तिकडे गेलात, तर कुत्र्यांच्या दालनात त्याला जरूर गाठा.