रेबन काउंटीची मुले आणि त्यांचे ‘फॉक्सफायर’

शिक्षक मित्रहो, स्थानिक संस्कृती जपायची म्हटले की आपल्या शाळांत बहुधा स्नेहसंमेलनातले एखादे लोकनृत्य, पारंपरिक वेशभूषेचा एक दिवस आणि भिंतीवरचा एक तक्ता एवढ्यावर भागवले जाते. आज मी अमेरिकेतल्या एका डोंगराळ भागातल्या शाळेविषयी बोलणार आहे, कारण तिथल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांनी हे काम फार मन लावून आणि स्वतःच्या हातांनी केले.

जॉर्जिया राज्याच्या ईशान्य टोकाला, ॲपलाचियन पर्वतरांगेत, रेबन काउंटी, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. १९६६ साली तिथल्या रेबन गॅप-नकूची शाळेत एलियट विगिंटन हे तरुण शिक्षक नववी-दहावीला इंग्रजी शिकवायला आले. वर्ग त्यांना जुमानत नव्हता; वर्गातले वाचनपीठ पेटवण्यापर्यंत मुलांची मजल गेली. पाठ्यपुस्तक तसेच पुढे रेटण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी मुलांना विचारले, आपण एक नियतकालिक काढू या का? कुजलेल्या लाकडावर वाढून अंधारात उजळणाऱ्या बुरशीला तिकडे ‘फॉक्सफायर’ म्हणतात, तेच नाव अंकाला मिळाले. भीमाशंकरच्या रानात पावसाळी रात्री असा उजेड ज्यांनी पाहिला असेल, त्यांना या नावाचे मोल वेगळे सांगायला नको. छपाईचा खर्च मुलांनी गावात फिरून वर्गणीतून उभा केला आणि १९६७च्या मार्चमध्ये पहिला अंक निघाला. १९३६ साली जवळच्या क्लेटन गावातल्या बँकेवर पडलेल्या दरोड्याची हकीकत निवृत्त शेरीफच्या, म्हणजे काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या, तोंडून ऐकून मुलांनी त्या अंकात छापली होती.

पुढे मुले टेपरेकॉर्डर आणि कॅमेरा घेऊन डोंगरातल्या वृद्धांकडे जाऊ लागली. एरी कार्पेंटर या बाई सीमेपलीकडे उत्तर कॅरोलिनात, लाकडी ओंडक्यांच्या घरात एकट्या राहत आणि विहिरीचे पाणी ओढून आणत. सगळे त्यांना आन्ट एरी म्हणत. मुले पहिल्यांदा त्यांच्या घरी पोहोचली तेव्हा त्या डुकराच्या डोक्यातून डोळे काढण्याच्या खटपटीत होत्या, कारण त्या डोक्याचे मांस शिजवून त्यांना ‘साउस’ नावाचा पदार्थ करायचा होता. पाहुण्यांनाही त्या कामाला हात लावावा लागला, आणि हात कामात असतानाच बोलणे सुरू झाले. मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण प्रश्नावली समोर धरून बसलेल्या मुलांना आन्ट एरींनी जे कधीच सांगितले नसते, ते त्या कामाच्या ओघात बोलून गेल्या.

मुलांच्या नोंदी इतक्या तपशिलाच्या होत्या, की त्या वाचून कोणी घर बांधायला घ्यावे: ओंडक्यांच्या टोकांना खाच कशी पाडायची, छपराच्या फळ्या लाकूड चिरून कशा काढायच्या, चंद्र कोणत्या राशीत असताना काय पेरायचे. जमिनीवर येणारे पीक वाढत्या चंद्रात आणि कंद उतरत्या चंद्रात लावायचे, हा तिथला ठोकताळा मृगाच्या पेरणीवर वाढलेल्या आपल्या शेतकऱ्याला परका वाटणार नाही. हे लेख १९७२ साली पुस्तकरूपाने आले आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. त्याच वर्षी ‘डिलिव्हरन्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्याचे बरेचसे चित्रीकरण याच रेबन काउंटीत झाले होते आणि त्यात डोंगरातली माणसे रानटी व क्रूर दाखवली होती. बाहेरच्या जगाने आपल्या आजोबांचे जे चित्र रंगवले, त्याच्या शेजारी मुलांनी आजोबांचेच शब्द ठेवले, हे मला पुस्तकाच्या खपापेक्षा मोठे वाटते.

भाषेचे शिक्षण यात कुठे आले, असे कोणी विचारील. टेपवरचे बोलणे पुन्हा पुन्हा ऐकून कागदावर उतरवताना बोलीतला शब्द बोलीतच राहू द्यायचा की प्रमाण भाषेत आणायचा, वाक्य कुठे संपले, सांगणाऱ्याच्या मनात नेमके काय होते, हे मुलांना पावलोपावली ठरवावे लागले. वाचणारा परीक्षक असता तर चूक गुणांपुरती राहिली असती. इथे वाचणारी माणसे गावातलीच होती आणि घर कसे बांधतात हे त्यांना मुलांपेक्षा चांगले ठाऊक होते. माझ्या मते सारी ताकद याच गोष्टीत आहे.

पुस्तकांच्या मानधनातून १९७४ साली डोंगरावर जमीन घेतली गेली आणि जुनी लाकडी घरे सुटी करून तिथे पुन्हा उभी करण्यात विद्यार्थी राबले. एक कटू गोष्टही सांगितलीच पाहिजे. १९९२ साली विगिंटन यांनी एका मुलावरील लैंगिक अत्याचाराचा गुन्हा न्यायालयात कबूल केला आणि त्यांचा या कामाशी संबंध संपला. मुलांना घेऊन गावोगाव फिरणाऱ्या उपक्रमात त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था एका शिक्षकाच्या भरवशावर सोडता येत नाही, हे आपण पक्के ध्यानात ठेवावे. नियतकालिक मात्र रेबन काउंटी हायस्कूलच्या मुलांनी पुढे चालू ठेवले.

आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी प्वातव्हाँ या समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी गावोगावच्या सहकाऱ्यांसह जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, त्याही गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव यांच्या नोंदीसह. आपल्या नववीच्या वर्गाने सुरुवात करायची असेल, तर लिहिलेला मजकूर छापण्याआधी सांगणाऱ्याला वाचून दाखवायचा आणि मूळ ध्वनिमुद्रण नाव, गाव, तारीख घालून शाळेच्या ग्रंथालयात ठेवायचे, एवढे आधी ठरवावे. अंकाचे नाव आणि मुखपृष्ठ मागाहून ठरले तरी चालेल.