दोन बाप

[अमळनेरपासून तासाभरावरचं एक गाव. संध्याकाळ. देवळीतला स्टीलचा डबा.]

या डब्यात गोळ्यांच्या दोन स्ट्रिपा आहेत, रक्ततपासणीचा चार घड्या घातलेला कागद आहे आणि एसटीचं एक जुनं तिकीट आहे. रात्रीचं जेवण झालं की जिभाऊ डबा काढतात, गोळी पोराच्या तळहातावर ठेवतात आणि तो पाणी पिईपर्यंत समोर उभे राहतात. चेहरा दाखवायचा नाही, गावाचं नाव घ्यायचं नाही, या अटीवर त्यांनी आम्हाला घरात घेतलं. म्हणून तुम्हाला त्यांचे हातच दिसतील. कपाशीच्या बोंडांनी चिरलेले हात.

गोळी लिथियमची, मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या औषधाची. याच औषधानं 1988 साली अमेरिकेत एका उद्योगपतीचा मुलगा परत आणला होता.

टेड स्टॅन्ली कनेक्टिकटचे. 1969 साली माणूस चंद्रावर उतरला आणि टेड यांनी त्याच वर्षी भागीदारासोबत एमबीआय कंपनी काढून चांद्रमोहिमेची स्मृतिपदकं विकायला घेतली. पुढे डॅनबरी मिंटसारख्या नावांनी हौसेनं जपून ठेवायच्या वस्तू टपालानं घरोघरी पोचल्या. धंदा वाढला, पैसा आला. त्यात फार रमायला नको, कारण खरी गोष्ट नंतर सुरू होते.

मुलगा जोनाथन कॉलेजात शिकत होता. गुप्तहेर आपल्या मागावर आहेत असं त्याच्या मनानं घेतलं. तीन दिवस, तीन रात्री तो न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर पळत होता. पोटात अन्न नाही, पाणी नाही. शेवटी तो मनोरुग्णालयात पोचला. निदान झालं, बायपोलर, म्हणजे मन कधी अतिउत्साहात उधळतं तर कधी खोल उदासीत बुडतं तो आजार. लिथियम सुरू झालं आणि मुलगा सावरला. कॉलेज पुरं केलं, वकील झाला. हे सगळं त्यानं स्वतः उघडपणे सांगितलं आहे. मला त्या घरातलं हेच सगळ्यात मोठं धाडस वाटतं.

[जिभाऊंचा आवाज. पडद्यावर गोठा, रिकामी दावण.]

इथं जिभाऊंच्या पोरानं सहा रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता. दहा ट्रॅक्टर घेतो म्हणत उधारी करून बसला, मग महिनाभर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. गाव म्हणालं, बाहेरचं आहे. दोन वर्षं भगत झाले, नवस झाले, बैलजोडी गेली. मग कुणीतरी जळगावच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. डब्यातलं तिकीट त्या दिवसाचं आहे.

मुलगा सावरल्यावर टेड स्टॅन्ली तिथंच थांबू शकले असते. पण हे औषध सगळ्यांना लागू पडत नाही आणि त्याचा मानसोपचारातला उपयोग ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांना 1949 मध्ये सापडला तोही जवळजवळ योगायोगानं. आजाराचं मूळ कुणालाच कळलेलं नव्हतं. 1989 मध्ये टेड आणि त्यांच्या पत्नी वाडा यांनी संशोधनसंस्था उभी केली. सोबतीला होते मानसोपचारतज्ज्ञ डॉ. फुलर टॉरी. टॉरींच्या बहिणीला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम होणारा मनाचा आजार होता. या संस्थेनं मृत्यूनंतर दान केलेले मेंदू जमवले आणि जगभरच्या संशोधकांना अभ्यासासाठी पुरवले.

अमळनेरला व्यापाऱ्याचं दान नवं नाही. प्रताप शेठजींनी इथं गिरणी चालवली आणि 1916 साली तत्त्वज्ञान मंदिरही उभं केलं. अझीम प्रेमजींच्या वडिलांनी 1945 मध्ये याच गावात वनस्पती तुपाची कंपनी काढली, तीच पुढे विप्रो झाली. शाळा-कॉलेजला देणारे हात खान्देशानं पाहिले आहेत. मनाच्या आजाराला मात्र देणगीच्या पाटीवर जागा मिळत नाही, आणि हे मला बोचतं.

टेड यांनी 2007 मध्ये ब्रॉड इन्स्टिट्यूट या अमेरिकेतल्या जनुक-संशोधन संस्थेला 10 कोटी डॉलर दिले. जुलै 2014 मध्ये आणखी 65 कोटी जाहीर केले, तेव्हाच्या दरानं सुमारे 3,900 कोटी रुपये. त्याच सुमारास एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुमारे 37 हजार रुग्णांचे जनुक तपासून स्किझोफ्रेनियाशी जोडलेल्या 108 जागा सापडल्या होत्या. त्यातली सगळ्यात ठळक जागा घेऊन शास्त्रज्ञ आणखी खोल गेले.

[केळीची बाग. विळ्यानं पिलं कापणारा माणूस.]

केळीच्या बुडाशी येणारी जादा पिलं आपण कापतो. वाढत्या वयात मेंदूही पेशींमधले जादा जोड असेच छाटतो. सी-फोर नावाचा जनुक जास्त जोरात असला, तर ही छाटणी प्रमाणाबाहेर होत असावी, असं त्या संशोधनातून पुढं आलं. हा काही पुरा उलगडा नव्हता. पण दोष भुताचा नाही, आईबापाच्या वळणाचाही नाही, हे सांगायला धरता येईल असं काहीतरी हाती लागलं. शोधनिबंध जानेवारी 2016 च्या शेवटी आला. टेड स्टॅन्ली त्याच महिन्याच्या सुरुवातीला वारले होते.

राज्यातली चार जुनी सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला. खान्देशात एकही नाही. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते, तिथून सुरुवात करता येते. 14416 हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आणि मराठीतही.

[मे महिना. शेताचा बांध.]

लिथियम घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा 45 च्या घरात जातो. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, पाय लटपटतात. अंगदुखीच्या काही गोळ्यांनीही तसंच होतं, म्हणून दुकानातून मनानं गोळी घ्यायची नाही. असं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

जिभाऊंना हे पाठ आहे. शेजारी आता त्यांना थांबवून विचारतात, "पोरगाले आते कसं शे?" दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं.

पोरगा सायकल काढतो. जिभाऊ पाण्याचा पाच लिटरचा कॅन कॅरिअरला बांधतात, दोरीची गाठ ओढून बघतात, आणि पुन्हा एकदा ओढून बघतात.