नाईलकाठचा जनानखाना

श्रोतेहो, नमस्कार.

आज गोष्ट एका किराणा व्यापाऱ्याची. लिव्हरपूलचा घाऊक व्यापारी, फ्रान्सिस फ्रिथ. १८५६ साली यानं चांगला चाललेला धंदा विकून टाकला आणि तीन कॅमेरे घेऊन थेट इजिप्त गाठलं. पिरॅमिड, स्फिंक्स, कर्नाकची देवळं, अबू सिंबेल यांचे फोटो काढायचे आणि विकायचे. हौस होतीच, पण हिशोबही होता. नव्या मालाला गिऱ्हाईक आहे, हे व्यापाऱ्याच्या नाकाला आधी कळतं. आपल्याकडे दुकानदाराला अरसिक समजायची खोड आहे. मला ती कधीच पटलेली नाही.

आता, त्याच्या सगळ्यात मोठ्या कॅमेऱ्याची काच होती १६ इंच रुंद आणि २० इंच लांब. एवढी मोठी कशाला? तर फोटो मोठा करून छापायची सोय जवळजवळ नव्हतीच. जेवढा फोटो हवा, तेवढीच काच हवी. लक्षात ठेवा, जेवढा फोटो, तेवढी काच.

आणि ती काच ओली लागायची. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, अंधारात ती चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा आणि ओली असतानाच धुवायची. वाळली की गेली. म्हणजे जिथे कॅमेरा, तिथेच अंधारखोली. स्फिंक्ससमोर वाळवंटात अंधारखोली आणायची कुठून?

फ्रिथसाहेबांनी वेताची एक गाडी केली. ती अंधारखोलीही होती आणि वेळ पडली तर आत झोपताही यायचं. ऊन लागू नये म्हणून वरून खालपर्यंत शिडाचं पांढरं कापड टाकलेलं. अशी ही चारी बाजूंनी झाकलेली, पांढरीशुभ्र गाडी डुलत डुलत गावातून चालली आहे. डोळ्यांपुढे आणा. मागेपुढे माणसं, पेट्या, बाटल्या. गाडी थांबते. दाढीवाला साहेब इकडेतिकडे बघतो, कापड जेमतेम उचलतो आणि झटकन आत शिरतो. कापड पुन्हा बंद! आतून काचेची किणकिण. थोड्या वेळानं साहेब बाहेर येतो तो घामानं निथळत. पण आत कुणाला डोकावू देत नाही. कसा देणार? उजेडाची एक तिरीप गेली की काच वाया.

लोकांनी काय ओळखायचं? गावात तर्क सुरू झाले. पुष्कळ डोकी खाजवून झाल्यावर सगळ्यांना पटेल असं एकच उत्तर निघालं. एवढं झाकून, एवढं जपून माणूस काय नेणार? बायका! आत साहेबाचा जनानखाना आहे. चंद्रमुखी सुंदरी, एक नव्हे, अनेक, आणि सगळ्या याच्या बायका!

हे फ्रिथनं स्वतःच मोठ्या मजेत लिहून ठेवलंय. गंमत म्हणजे हा गृहस्थ क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा, साधी राहणी, कडक आचार. आणि या अफवेमुळे लोकांत त्याचा मान भलताच वाढला, असंही तोच सांगतो. त्यानं ती खोडून काढायची घाई केल्याचं दिसत नाही. मी तरी कशाला केली असती?

आत मात्र सुंदरी नव्हत्या, भट्टी होती. नाईलच्या दुसऱ्या प्रपाताजवळ त्याच्या तंबूत ११० अंश फॅरनहाइट तापमान होतं, म्हणजे आपल्या मापानं ४३. चंद्रपूरचा मे महिना म्हणा ना! कलोडियनमध्ये असतो ईथर आणि ईथर ३५ अंशांच्या आसपास उकळतो. त्यामुळे काचेवर ओतताक्षणी तो द्रव बुडबुडे सोडायचा. कधी कधी फ्रिथ थडग्यांच्या दमट गुहांत गुडघ्यांवर रांगत शिरून काचा धुवायचा. एवढं करून त्याचे फोटो विलक्षण स्वच्छ आहेत. देवळाच्या खांबाशी तो एखादा माणूस उभा करायचा, म्हणजे खांब केवढा ते कळावं. माणूस लहान, खांब मोठा. आजच्या मोबाइलमध्ये उलटं असतं, चेहरा मोठा आणि देऊळ कानामागून डोकावतं. असो.

छपाई अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावर व्हायची. मोठ्या कारखान्यांत रोज हजारो अंडी फुटायची. पिवळ्या बलकाचं काय, असं घरोघरी विचारतीलच, तर तो कातडी कमावणाऱ्यांकडेसुद्धा जायचा. फ्रिथनं इंग्लंडात रायगेटला छपाईचा मोठा कारखानाच काढला.

त्याचे बरेचसे फोटो घरी बसून इजिप्त पाहणाऱ्यांनी घेतले. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, त्याच वर्षी थॉमस कुकनं नाईलची सहल नेली आणि गिऱ्हाईकच दारात आलं. प्रवाशाजवळ स्वतःचा कॅमेरा नसायचा, म्हणून फोटो विकत घ्यायचा. बैरुतला बाँफिस कुटुंबाची फोटोंची पेढी १८६७ पासून होती. चार वर्षांत १५,००० प्रिंट तयार केल्याचं त्यांनी कळवलं होतं. फोटोच्या खालच्या कडेला नंबर आणि नाव पांढऱ्या अक्षरांत असायचं, कारण ते काचेवरच लिहिलेलं, आणि काचेवरचं काळं कागदावर पांढरं उमटायचं. नंबर सांगा, फोटो मिळेल.

आपल्याकडेही हे वारं आलं होतं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करणाऱ्या रॉबर्ट गिलनं पुढे दुहेरी भिंगाचा, दोन डोळ्यांसाठी दोन फोटो घेणारा कॅमेरा हाती घेतला. त्याचे लेण्यांचे फोटो १८६४ साली लंडनला पुस्तकरूपानं निघाले. दुर्बिणीसारख्या चौकटीतून पाहिलं की खांब पुढेमागे उठून दिसायचे.

पुन्हा इजिप्तकडे वळू. तिथल्या लक्सर गावी अँतोनियो बेआतो नावाच्या छायाचित्रकारानं दुकान थाटलं होतं. देवळं पाहून आलेल्या प्रवाशांना तो तिथे फोटो विकायचा. १९०६ साली तो वारला. त्यानंतर कैरोच्या संग्रहालयानं त्याच्या शेकडो काचा विकत घेतल्या, कारण पडझड आणि डागडुजी होण्याआधीची देवळं त्या काचांवर होती.