मोरचूद टाकण्याआधी

ही बाटली जरा पुढच्या रांगेत फिरवा, झाकण मात्र उघडू नका. काल सकाळी पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठावर भरली, तेव्हा पाणी वरपासून खालपर्यंत सारखंच पोपटी होतं. रात्रभर टेबलावर राहिली आणि आता बघा, हिरवी साय वर आलीय, खाली पाणी जवळजवळ नितळ. या पेशींमध्ये हवेच्या अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, म्हणून त्या तरंगतात. सूक्ष्मदर्शकाखाली चिकट गरात रुतलेले असंख्य गोल ठिपके दिसतात. हे मायक्रोसिस्टिस. आपण सरसकट शेवाळ म्हणतो, पण हे जिवाणू आहेत, नीलहरित जिवाणू.

यातले काही विषारी असतात, काही नसतात, आणि नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाहीत. विषारी असतील तर ते मायक्रोसिस्टिन बनवतात. यकृताच्या पेशी ज्या वाटेनं पित्तक्षार आत घेतात, त्याच वाटेनं हे विष आत शिरतं आणि तिथली महत्त्वाची विकरं बंद पाडतं. पेशीचा सांगाडा ढासळतो, यकृतातच रक्त साकळतं. वारा हा तवंग एका काठाला लोटतो, आणि तहानलेलं जनावर नेमकं तिथेच तोंड लावतं. १९९६ साली ब्राझीलमधल्या कारुआरू गावी डायलिसिसच्या पाण्यातून हे विष थेट रुग्णांच्या रक्तात गेलं. पन्नासहून जास्त माणसं दगावली.

मध्यंतरी एका सोसायटीतल्या काकांनी मला विचारलं, ‘हौद हिरवा झालाय, मोरचूद किती टाकू?’ मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, शेवाळ मारायला टाकतात ते. मी घाईघाईनं म्हटलं, थांबा! कारण हे विष बहुतांशी जिवंत पेशीच्या आतच असतं. मोरचुदानं पेशी फुटते आणि सगळं पाण्यात उतरतं. पाणी स्वच्छ दिसायला लागतं आणि घात तिथेच होतो. ऑस्ट्रेलियातल्या पाम बेटावर १९७९ साली असंच झालं. धरणाच्या पाण्याला वास येतो म्हणून मोरचूद टाकलं आणि थोड्याच दिवसांत सुमारे दीडशे जण आजारी पडले, त्यात बहुतेक लहान मुलं. तिथलं विष वेगळं होतं, सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन, तेही यकृत आणि मूत्रपिंडावर जाणारं. आणि हो, पाणी उकळून ही विषं जात नाहीत. उकळलं म्हणजे निर्धास्त, ही आपली घरोघरची समजूत इथे उपयोगाची नाही.

मोरचूद नको, तर मग काय? फॉस्फरस अडवायचा, कारण त्याच्यावरच हे जिवाणू फोफावतात. तो आपल्याच मोरीतून, संडासातून जातो. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत पोचतं, आणि तेच पाणी सोलापूरकर पितात. सांडपाणी शुद्ध करताना फॉस्फरस काढता येतो. त्यासाठी पैसा लागतो, पण तो खर्च केलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तळ्यावर कुत्र्याला फिरायला नेणारे इथे बरेच दिसताहेत. तवंगात उतरलंच, तर अंग चाटायच्या आत नळाच्या पाण्यानं धुऊन काढा. लाळ गळायला लागली किंवा पाय लटपटले, तर वाट बघत बसू नका, तडक जनावरांच्या डॉक्टरकडे न्या आणि कुठल्या तळ्यात उतरलं होतं तेही सांगा.